गोनोकॉकस ओळखायचं फेडबॅक्ट किट: वापरून काय वाटलं

गोनोकॉकस (जीसी) म्हणजे गनोरिया हा लैंगिक आजार करणारा जंतू, तो ओळखायची फेडबॅक्ट मोनोक्लोनल जीसी टेस्ट लॅबमध्ये बरेच दिवस वापरलीय आणि जिथे अजून कल्चर करतात, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघतात, तिथे हे किट असावंच असं मला मनापासून वाटतं, कारण घशाच्या स्वॅबमधून सिलेक्टिव्ह मीडियावर (ठरावीक जंतूच वाढू देणाऱ्या खाद्यावर) जे उगवतं ते सगळं दिसायला एकसारखं, ग्राम निगेटिव्ह डिप्लोकॉकाय (ग्राम रंगात गुलाबी दिसणारे जोडीजोडीचे गोल जंतू), ऑक्सिडेज एन्झाइमची टेस्ट पॉझिटिव्ह, मग त्याचेच भाऊबंद मेनिंगोकॉकस की लॅक्टॅमिका की खरंच गोनोकॉकस हे सांगायचं कसं? जंतू कोणती साखर वापरतो ते रंगावरून दाखवणारी शुगर टेस्ट लावा, तर कधीकधी रंग धड इकडचा ना तिकडचा.

हे किट पोरबी पकडतं, म्हणजे गोनोकॉकसच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधलं सगळ्यात मुबलक प्रोटीन. त्याचे प्रकार दोन, 1ए आणि 1बी, आणि एका स्ट्रेनमध्ये त्यातला एकच असतो, म्हणून रिएजंटही दोन. आत मोनोक्लोनल अँटीबॉडी आहेत (एकाच ठरावीक जागी चिकटणाऱ्या), स्टॅफ ऑरियस या दुसऱ्या जंतूच्या मेलेल्या पेशींवर बसवलेल्या. स्टॅफच्या प्रोटीन ए ने अँटीबॉडीचं मागचं टोक धरलेलं आणि अँटिजेन पकडणारी टोकं बाहेर मोकळी, काय डोकं लावलंय!

कॉलनी सलाइनमध्ये कालवायची, उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवायची, गार झाली की स्लाइडवर दोन थेंब, एकेकात एकेक रिएजंट, आणि स्लाइड हलवत राहायची. गोनोकॉकस असेल तर मिनिटभरात एका गोलात रिएजंटचे निळे कण दही फुटल्यासारखे वेगळे होतात, दुसरा गोल तसाच एकसारखा राहतो; गुठळ्या ज्या रिएजंटच्या गोलात, तो ग्रुप. दोन्हीकडे गुठळ्या आल्या तर रिपोर्ट देऊ नका, प्युअर कल्चर काढून परत लावा.

नुसतं नाव नाही, ग्रुपही कळतो हे मला जास्त आवडलं. 1ए वाले रक्तातल्या कॉम्प्लिमेंटला (जंतू मारणाऱ्या प्रोटीनना) सहसा दाद देत नाहीत, सांध्यांपर्यंत पसरलेल्या इन्फेक्शनमध्ये तेच जास्त सापडतात.

पण कोणाकडून कोणाला लागण झाली हे शोधायला दोन ग्रुप अगदीच तोकडे, त्याला पोरबी आणि टीबीपीबी या गोनोकॉकसच्या दोन जीनचं सिक्वेन्सिंगच हवं, 2004 पासूनची एनजी-मास्ट पद्धत तीच. आणि निगेटिव्ह आलं म्हणून गोनोकॉकस नाही असं कृपया लिहू नका! पोरबीचा नेमका तेवढाच भाग बदललेला असेल तर अँटीबॉडी चिकटतच नाही. लहान मुलांच्या किंवा कोर्टात जाणाऱ्या केसमध्ये तर पॉझिटिव्ह आलं तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री करायलाच हवी.

बाटल्या फ्रीजमध्येच ठेवा, गोठू देऊ नका. एका सप्लायरने गोठलेल्या आणून दिल्या होत्या, त्या नुसत्या सलाइनमध्येही गुठळ्या दाखवत होत्या. नवीन बाटली उघडली की आधी माहितीतल्या 1ए आणि 1बी स्ट्रेनवर लावून बघा, मगच पेशंटच्या सॅम्पलला हात लावा.