गणपत गल्लीजवळचं डीटीपी दुकान: पाचपैकी चार स्टार

स्पर्धा तशी छोटीच, खानापूर बाजूच्या एका गावातल्या वाचनालयाची, फी ५० रुपये आणि पहिलं बक्षीस १००१ नि शाल. पण नियम बघाल तर बाप रे. कविता २० ओळींच्या आत, ए फोरवर टाईप केलेल्या दोन प्रती, कवितेच्या कागदावर नाव घातलं की बाद, नाव पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर, आणि वर कुठल्याही कॉम्प्युटरात वाचता येते त्या युनिकोडमधली फाईल मेलनं. माझी कविता वहीत, पेन्सिलनं.

बेळगावात डीटीपीवाले ढिगानं आहेत पण सगळे लग्नपत्रिका आणि बॅनरवाले, कविता म्हटलं की तोंडाकडं बघतात. पहिल्या दुकानात नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरात कन्नड झकास चालू होतं, मराठीला सोमवारी या म्हणाले. दुसऱ्यानं युनिकोड सोडून श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या फॉन्टात करून दिली, घरी पेनड्राईव्ह लावला तर कॉम्प्युटरात तो फॉन्टच नाही, सगळं किडामुंगी. ज्या गावात १९४६ ला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं त्या गावात वीस ओळींसाठी ही पायपीट, जाऊ दे.

मग हे तिसरं दुकान. जिना चढून वर, दोन मशीन, एक पंखा. टायपिंगला बसलेली पोरगी घरी कन्नड बोलणारी, मी मनात म्हटलं झालं आता. तर ती निम्म्यात थांबून विचारते, "सर, ही ओळ इथंच तोडायची काय, का वहीत जागा पुरली नाही म्हणून खाली आलीय?" आजवर कुणी मला हे विचारलं नव्हतं हो, बायकोनं पण नाही. वहीत मी २३ ओळी मोजून कुठल्या तीन कापू म्हणून दोन रात्री डोकं खाजवत होतो, आणि त्यातल्या तीन नुसत्या जागेअभावी खाली उतरलेल्या. भरल्या की वीस! शेतकऱ्याचा ऱ्या पण नीट आला, नाहीतर बऱ्याच ठिकाणी 'शेतकर्याचा' करून हातात ठेवतात.

दर पानाला ४० रुपये, प्रिंट वेगळी. मधेच करंट गेला तर अर्धा तास बसवलं, पण चहा दिला.

एक स्टार कापला तो शीर्षकासाठी. कविता होती 'धूळवाफ'. आमच्याकडं पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरतात ती धूळवाफ पेरणी, खानापुरात शेंबड्या पोराला पण माहीत. पोरीला वाटलं माझंच चुकलं असणार, तिनं विचारल्याशिवाय केलं 'धूरवाफ'. प्रूफ मला दाखवलं होतं, ओळ न ओळ तपासली, पण वरचं ठळक अक्षरातलं कोण वाचतंय! पोस्टाच्या दारात लक्षात आलं, परत जाऊन कागद बदलून घेतले, त्याचे पैसे लावले नाहीत. मेल मात्र गेला होता, आणि दुसरा मेल पाठवला तर दोन प्रवेशिका धरून बाद करतील ह्या भीतीनं मी गप्प बसलो.

उत्तेजनार्थ मिळालं. माईकवरून 'धूरवाफ' पुकारलं तेव्हा उठायला क्षणभर उशीरच झाला, प्रमाणपत्रावर पण तेच छापलंय. लॅमिनेशनला त्याच दुकानात नेलं. पोरीनं वाचलं, जीभ चावली, आणि लॅमिनेशनचे २० रुपये काही केल्या घेतले नाहीत.