दात आणि डोळे एकाच दवाखान्यात दाखवावेत की वेगवेगळ्या? खान्देशातल्या घरांसाठी तुलना

अमळनेर, चोपडा, शिरपूर, पाचोरा, कुठल्याही तालुक्याच्या गावी फिरा, ‘दंत व नेत्र रुग्णालय’ अशी जोडपाटी आता सहज दिसते. बहुतेक ठिकाणी मामला साधा असतो. नवरा-बायको दोघं डॉक्टर, एक दातांचे, एक डोळ्यांचे. खाली दवाखाना, वर घर. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे गिऱ्हाईक नंबर काढायला येतं आणि जाताना विचारतं, “आईला तिथंच दाखवू का जळगावला नेऊ?” मी डॉक्टर नाही, पण ऑपरेशन झालेले डोळे महिन्या-दीड महिन्याने माझ्याच काउंटरवर येतात. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. दोन्ही एका जागी म्हणजे यंत्रं जास्त, असं काही नसतं. दातांची खुर्ची, एक्स-रे आणि डोळा मोठा करून बघायचा स्लिट लॅम्प यांचा एकमेकांशी संबंध नाही. सामायिक असते ती फाईल, साखरेचा रिपोर्ट आणि सोबत आलेला माणूस. हा तिसरा मुद्दा लोक धरतच नाहीत. म्हाताऱ्या माणसाबरोबर घरातलं एक जण येतं, त्याचा दिवसाचा रोज बुडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दोनदा येणं म्हणजे दोन रोज गेले. शिवाय डोळ्याच्या आतला पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. म्हणून एकाच फेरीत दोन्ही उरकत असेल तर मधुमेही, सत्तरीपुढच्या आणि लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या रुग्णासाठी जोड दवाखाना खरोखर सोयीचा. फक्त दात आधी दाखवा, थेंब नंतर घ्या. बाहुली मोठी झालेल्या डोळ्यांवर दातांच्या खुर्चीवरचा दिवा आला की माणूस तोंड उघडायचं सोडून डोळेच मिटून घेतो.

मधुमेहाचं नाव आलंच आहे, तर जोड दवाखान्याचा खरा वैद्यकीय फायदाही तिथेच आहे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येणं अवघड होतं. तीच साखर डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, आणि सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. दात हलतात म्हणून आलेल्या माणसाला दातांच्या डॉक्टरांनी “वर्षभरात पडदा तपासलाय का?” विचारून शेजारच्या खोलीत पाठवलं, तर एक डोळा वाचू शकतो. वेगवेगळ्या दवाखान्यांत हा प्रश्न विचारायचं काम कुणाचंच नसतं.

आता दुसरी बाजू. अशा ठिकाणी बहुधा एकच बाजू जोरात असते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सर्जन रोज तिथे असतात की रविवारी जळगाव-नाशिकहून येतात, हे विचारा. बाहेरून येणारे सर्जन वाईट असं नाही. कित्येकदा त्यांचा हात जास्त बसलेला असतो. पण ऑपरेशननंतर मंगळवारी रात्री डोळा लाल झाला, ठणकायला लागला, दिसणं कमी झालं, तर उघडून बघणार कोण? हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं आणि त्यात तासांचा हिशेब असतो. या प्रश्नाला समोरच्याने सरळ उत्तर दिलं, रात्रीचा फोन नंबर लिहून दिला, तर माझ्या लेखी निम्मा निर्णय झाला. पाटी जोडीची की एकट्याची, हे मग गौण.

पाटीवर डिग्रीही वाचा. बी.डी.एस. आणि एम.डी.एस. हे दोघेही दातांचे डॉक्टर, पण एम.डी.एस. एखाद्याच शाखेत असतं, त्यामुळे रूट कॅनालवाले वेगळे, हिरड्यांचे वेगळे, जबड्याचे सर्जन वेगळे. डोळ्यांत एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.ओ.एम.एस. म्हणजे डॉक्टर. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढू शकतो, ऑपरेशन करू शकत नाही. माझ्या दुकानातलं कॉम्प्युटरवरचं नंबर काढणं ही डोळ्यांची तपासणी नव्हे, हेही धंद्याचं नुकसान करून सांगतो. काचबिंदू दुकानात कळत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब एकदा डॉक्टरांकडून मोजून घ्याच.

वरची दाढ आणि नजर

हे दोन विभाग एका छपराखाली आले की एक भीती हमखास वर येते. वरची दाढ काढली की डोळा जातो म्हणे. जात नाही. चेहऱ्याची संवेदना नेणारी एक मोठी नस आहे, तिची एक फांदी डोळ्याभोवती जाते, एक वरच्या दातांकडे. म्हणून दाढेचा ठणका कधी डोळ्यामागे जाणवतो. पण दिसण्याची नस पूर्ण वेगळी आहे, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. क्वचित कुणाला वरच्या दाढेला भूल दिल्यावर थोडा वेळ एकाचं दोन दिसतं. भूल उतरली की ते जातं. उलट, सडकी दाढ तशीच ठेवून मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला डोळ्यांचे सर्जन नाखूश असतात. तोंडात पू असेल तर तो आधी मिटवा, मग डोळा. हा क्रम जोड दवाखान्यात आपोआप पाळला जातो. वेगवेगळीकडे जात असाल तर तुम्हालाच लक्षात ठेवावा लागेल.

मोतीबिंदू: कुठलं ऑपरेशन, कुठली लेन्स

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. पाटीवर ‘लेझरने बिनटाक्याचं’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक फेको असतं, आणि फेकोत लेझर नसतं. अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये हे तंत्र आणलं. खरं लेझर यंत्र वेगळं, महाग, आणि तालुक्याला सहसा नसतं.

फेकोत छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि घडी घालून आत सरकवायची लेन्स. दुसरी पद्धत हाताने करायची, तिला ‘छोट्या छेदाची’ म्हणतात; छेद फेकोपेक्षा मोठा, सहा-सात मिलिमीटर, तरी बहुधा टाका लागत नाही. शिबिरांत बरेचदा हीच करतात. हिला कमी लेखू नका. पार पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूला अनुभवी हाताखाली ही कित्येकदा जास्त सुरक्षित असते. आणि आपल्याकडे पिकू देण्याची हौस दांडगी! “माले दिसस ना, मंग कसाले?” म्हणत आजी दोन-तीन वर्षं काढतात, मग फेकोचा सोपा मोतीबिंदू अवघड होऊन बसतो. फरक राहतो तो नंतरच्या नंबरात: मोठ्या छेदामुळे आडवा नंबर, म्हणजे सिलिंडर, थोडा जास्त येतो आणि डोळा बसायला जरा वेळ लागतो. मोतीबिंदू अजून मऊ असेल आणि पैशाची सोय असेल तर फेको. पार पांढरा झाला असेल तर पद्धत सर्जनवर सोडा, यंत्राचा हट्ट धरू नका.

लेन्स. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिली कृत्रिम लेन्स बसवली. आपल्याकडे ती गरिबाच्या आवाक्यात आली ती मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून इथेच लेन्स बनवायला घेतल्यावर. म्हणून ‘भारतीय’ शब्द ऐकून नाक मुरडू नका.

साधी एकनंबरी लेन्स दूरचं स्वच्छ देते, वाचायला चष्मा लागतो. पण तीच लेन्स जवळच्या अंतराला धरूनही बसवता येते. शिंपीकाम, शिवणकाम, सोनारकाम करणाऱ्याला हे विचारलं जात नाही, त्याने स्वतः सांगावं. सिलिंडर मोठा असेल तर तो भरून काढणाऱ्या टॉरिक लेन्सचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मल्टिफोकलबद्दल मात्र मी सावध असतो. ती प्रकाश जवळ-दूर वाटून देते, त्यामुळे रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. रात्री ट्रक किंवा केळीची गाडी घेऊन निघणाऱ्याने ती घेऊ नये. मधुमेहाने पडदा बिघडलेल्याने किंवा काचबिंदू असलेल्यानेही नाही. घरात बसून पेपर-मोबाईल बघणाऱ्या, पडदा निरोगी असलेल्या आणि चष्म्याचा मनापासून कंटाळा असलेल्या माणसाला ती शोभते.

महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर “मोतीबिंदू परत आला” म्हणतात. तो परत येत नाही. लेन्समागची झिल्ली दाट झालेली असते आणि तिथे मात्र खरंच लेझर लागतं, बसल्या बसल्या काही मिनिटांत होतं. ते यंत्र त्या दवाखान्यात आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

ऊन-धुळीत राबणाऱ्यांचा आणखी एक त्रास म्हणजे नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारं मांस. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, गॉगल कुणी घालत नाही. हे नुसतं खरवडून काढलं तर परत वाढण्याचा संभव बराच. काढलेल्या जागी त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा लावली तर खूप कमी. भाव विचारताना ‘त्वचा लावणार का’ हेही विचारा, नाहीतर स्वस्ताचं दोनदा होईल.

दात: ठेवायचा, काढायचा, बसवायचा

काढणं सर्वांत स्वस्त. पण काढलेल्या दाढेच्या जागी शेजारचे कलंडतात, वरची खाली उतरते, आणि मग खर्च पुढे सरकतो. मूळ शाबूत असेल तर रूट कॅनाल करून दाढ ठेवावी. त्यानंतर कॅप टाळू नका. नस काढलेल्या किडक्या दाढेत सांगाडाच उरतो, भाकरीसोबत ठेचा-शेंगदाणे चावताना ती उभी चिरते आणि सगळे पैसे पाण्यात.

गेलेल्या दातासाठी तीन वाटा. काढ-घाल करायची कवळी स्वस्त, पण हिरडीवर हलते. ब्रिज म्हणजे दोन खांबांवर टाकलेली तुळई: पटकन होतो, पण बाजूचे चांगले दात तासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने, सर्वांत महाग; शेजाऱ्यांना हात लागत नाही. शेजारचे दात आधीच भरलेले-किडलेले असतील तर ब्रिज, धडधाकट असतील आणि साखर ताब्यात असेल तर इम्प्लांट, असा माझा कौल. तंबाखू सुटणार नसेल तर इम्प्लांटवर पैसे टाकू नका.

मिसरी आणि सुपारीवर थोडं थांबतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. आणि तोंड आखडवते ती सुपारीच. आरशासमोर उभं राहा, स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांत घाला. तीन जात असतील तर बरं. दोनच जात असतील तर कॅप-ब्रिजचा भाव नंतर विचारा, आधी जबड्याच्या तज्ज्ञाला तोंड दाखवा. इतक्या तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोचतच नाही. तीन आठवड्यांत न भरलेला छाला किंवा पांढरा चट्टा असेल तर तालुक्याला वेळ घालवू नका, तुकडा तपासणीची, म्हणजे बायोप्सीची, सोय असेल तिथे जा.

पैशांचं

आरोग्य विम्यात मोतीबिंदू धरला जातो, पण बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं नाही, आणि पुढेही लेन्सच्या खर्चाला मर्यादा असते. दातांचं काम अपघात सोडला तर सहसा धरत नाहीत. म्हणून घरात दोन्ही कामं असतील तर खिशातली रोकड दातांसाठी राखा. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जातो, फेऱ्या होतात, खर्च कमी लागतो. मोतीबिंदूसाठी धुळे, जळगाव, नंदुरबारची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. शिबिराला जायला हरकत नाही, मात्र ऑपरेशन मंडपात नाही तर रुग्णालयात होतंय ना आणि दुसऱ्या दिवशी तपासणी कुठे, एवढं बघा.

तर कुणी कुठे? साधा मोतीबिंदू, एखाद-दोन दाढा, मधुमेह आणि सोबतीला एकच माणूस असेल तर गावचा जोड दवाखाना, रात्री दार उघडणारे डॉक्टर असतील तर. पडद्यातून रक्त गळतंय, काचबिंदू आहे, तोंड उघडत नाही किंवा सगळे दात इम्प्लांटवर बसवायचे आहेत, तर जळगाव-धुळे-नाशिक, आणि तेही दोन वेगळ्या तज्ज्ञांकडे.

‘मोतीबिंदू थंडीतच’ हा जुना नेम छोट्या छेदाच्या काळात उरलेला नाही. आपल्याकडे तो टिकलाय तो कापूस विकल्यावर पैसा हातात येतो म्हणून, आणि त्यात गैर काही नाही. फक्त मळणीच्या धुळीत थेंबांचे दिवस येणार नाहीत असं बघा.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट न्या. रक्त पातळ करायची गोळी दोन्ही डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका. लघवीच्या त्रासासाठी वडील टॅमसुलोसिन घेत असतील तर ते डोळ्यांच्या सर्जनला आवर्जून सांगा. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडत नाही, आणि आधी कळलं तर ते तयारीने बसतात. लेन्सच्या खोक्यावर नंबराचं स्टिकर असतं, इम्प्लांटचंही असतं. दोन्ही डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तेच कामाला येतं. आणि चष्म्याला घाई करू नका. डोळा बसायला महिना-दीड महिना जातो, त्याआधी केलेला चष्मा बदलावा लागतो, आणि दुसऱ्याचे पैसे मी सोडत नाही.