बॉल पायथनच्या पेटीसाठी सरकत्या काचेचे चॅनल : वापरानंतरचा अभिप्राय

माझ्याकडील बॉल पायथनसाठी मी १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच अशी पेटी घरीच बांधली. (हा साप पश्चिम व मध्य आफ्रिकेतला आहे आणि त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेली आहे, आपल्याकडचे रानातले साप पाळण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे.) प्लाय, दिवे आणि थर्मोस्टॅट यांचा विचार मी महिनाभर केला होता, काच ज्यात सरकते तो चॅनल मात्र दुकानात उभ्या उभ्या निवडला आणि पुढचा सगळा मनस्ताप त्या एका घाईतून झाला.

पहिल्यांदा मी शोकेसला लावतात तो चाकांचा ॲल्युमिनियम ट्रॅक घेतला. काच बोटाने ढकलली तरी सरकते, हा त्याचा गुण दुकानात फार मोहक वाटतो. परंतु पेटीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असते, साप रात्रभर ते उकरतो आणि त्याचे बारीक तंतू चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात. तीन आठवड्यांत काचेचा एक पल्ला जागीच अडला. शिवाय चाकांमुळे काच तळापासून वर उचललेली राहते आणि खाली जी फट उरते, तिच्यातून पेटीतला दमटपणा निघून जातो. या सापाला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते. ती टिकत नसेल, तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघू लागते. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या कपाटासाठी हा ट्रॅक उत्तम असेल. सापाच्या पेटीसाठी तो मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसरा अनुभव प्लास्टिकच्या दुहेरी खाचेच्या चॅनलचा. इंग्रजी ई अक्षरासारखा छेद असलेला हा चॅनल स्वस्त असतो, गंजत नाही आणि त्यात चाके नसल्यामुळे अडण्यासारखे काही नसते. मात्र दुकानदाराने मला वर आणि खाली एकाच खोलीची पट्टी दिली. वरची खाच खोल आणि खालची उथळ असणे, हे या रचनेचे मर्म आहे : काच आधी वरच्या खाचेत पूर्ण चढवायची, मग सरळ करून खालच्या खाचेत उतरवायची. दोन्ही खाचा सारख्याच असतील, तर काच बसवण्यासाठी ती इतकी आखूड कापावी लागते की उतरवल्यावर वरच्या खाचेत जवळजवळ काहीच उरत नाही आणि आतून सापाच्या नाकाचा धक्का बसला की पल्ला निसटतो. माझा पल्ला असाच निसटला. सुदैवाने मी खोलीत होतो.

आता जो चॅनल लावला आहे, त्याची वरची खाच १६ आणि खालची ७ मिलिमीटर खोल आहे. चॅनल आधी चिकटवून घेतले, वरच्या खाचेच्या तळापासून खालच्या खाचेच्या तळापर्यंतचे अंतर तीन ठिकाणी मोजले, तेव्हा ते ४२१ मिलिमीटर भरले. त्यातून खालच्या खाचेचे ७ आणि मोकळीक म्हणून २ वजा करून काचेची उंची ४१२ ठेवली. काच बसल्यावर वरच्या खाचेत ७ मिलिमीटर राहते आणि हलत नाही. रुंदीला दोन पल्ले एकमेकांवर ४० मिलिमीटर चढतील असे धरले. काच ५ मिलिमीटर जाडीची, टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) आहे. एक पल्ला तीन किलोंहून थोडा अधिक भरतो. टफन काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप चॅनल बसवण्यापूर्वी देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. चारही कडा घासून पॉलिश करून घ्याव्यात. कोरी कड हात तर कापतेच, शिवाय प्लास्टिकची खाचही खरवडते.

चॅनल पेटीच्या तळावर न लावता चार इंच उंचीच्या पट्टीवर लावल्यामुळे कोकोपीट बहुतांशी तिच्या मागेच राहते. खाचेत फर किंवा ब्रशची पट्टी मात्र लावू नये, कारण ती ओल धरते आणि तिला बुरशी येते.

कुलूप शोकेसचेच घेतले आहे. त्याची दातेरी पट्टी आतल्या पल्ल्याच्या कडेला अडकते, दोन काचांमधल्या फटीतून बाहेर येते आणि तिच्यावर कुलूप सरकवून बाहेरच्या पल्ल्याच्या कडेला टेकवायचे असते. पट्टी या फटीत मावते का, हे चॅनलचा तुकडा सोबत नेऊन दुकानातच पाहावे. किल्लीशिवाय कुलूप मागे सरकत नाही. घरात लहान मूल असल्यामुळे मला याचे मोल अधिक वाटते.

एक उणीव अजून आहे. पहाटे काचेवर जमणारे बाष्प ओघळून खालच्या खाचेत साचते आणि मला दर दोन दिवसांनी ती जुन्या टूथब्रशला सुती कापड गुंडाळून पुसावी लागते.