कचऱ्याच्या कंटेनरखाली काय घालावं: पेव्हर, डांबर की काँक्रीट?

गाळेधारकांच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला की सगळ्यात आधी दर विचारला जातो. पेव्हर (वाळूवर जोडून बसवायचे काँक्रीटचे ब्लॉक) काय फुटाने, काँक्रीट काय फुटाने? दराकडे वळण्याआधी एक दिवस सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा तिथे जाऊन उभे राहा. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये खाली दोन हॉटेलं आहेत. कचरा दाबून भरणारा कॉम्पॅक्टर रिव्हर्स येतो, दोन पोरं 1100 लिटरचा कंटेनर ओढतात, आणि त्याचं वीतभर चाक खचलेल्या ब्लॉकच्या कडेत अडकतं. मग जोर लावायचा, कंटेनर कलतो, खालून तपकिरी पाणी सांडतं आणि ब्लॉकच्या फटीत गायब होतं. ते कुठे गेलं, हे दुपारी वासावरून कळतं.

फरशी ठरवायची ती याच दोन गोष्टींवर, चाक आणि पाणी.

आधी चाक. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला कायद्याने एकूण 18.5 टन वजन चालतं, त्यातले 11.5 टन मागच्या अ‍ॅक्सलवर. कॉम्पॅक्टर कंटेनर उचलतो तोही मागूनच. म्हणजे खरा भार पडतो तो कंटेनरच्या समोर, गाडी टेकते त्या जागेवर. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट केलेलं दिसतं: कंटेनरखाली छान काँक्रीटचा ओटा आणि गाडीच्या चाकांखाली जुनेच ब्लॉक. सहा महिन्यांत ओट्यासमोर खड्डा पडतो आणि कंटेनर पायरी उतरवल्यासारखा उतरवावा लागतो.

पेव्हरला मी सरसकट नावं ठेवणार नाही. 80 मिमीचा चांगला ब्लॉक एम-40 ग्रेडचा असतो (आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). सुटा ब्लॉक बघितला तर आपण साइटवर ओततो त्या काँक्रीटपेक्षा तो बहुधा सरसच निघेल. दुखणं असतं त्याच्या फटींमध्ये आणि खालच्या वाळूच्या थरात. कचऱ्याची जागा रोज पाइप लावून धुतली जाते, वाळू हळूहळू वाहून जाते, ब्लॉक डुगडुगायला लागतो. फटीत खरकटं बसतं, मग घुशी येतात, आणि घुशीला वाळूसारखी सोयीची जागा नाही. पण खालून ड्रेनेज लाइन किंवा केबल जात असेल तर पेव्हरला तोड नाही. उचला, दुरुस्त करा, परत बसवा. पाणी मारून ओलं ठेवायची (क्युरिंगची) भानगड नाही, दुसऱ्या दिवशी वापर सुरू. घ्यायचाच असेल तर 60 मिमीचा घेऊ नका, तो पार्किंगचा माल आहे.

डांबराचं लवकर आटोपतो. हॉटेलच्या कचऱ्यात तेल असतं, गाडीखालून डिझेल आणि हायड्रॉलिक तेल ठिबकतं, आणि दोन्हींनी डांबर मऊ पडतं. त्यात एप्रिल-मेचं ऊन. रात्रभर उभ्या भरलेल्या कंटेनरची चाकं त्यात रुततात. आमच्याकडे शहाबादी फरशीचाही प्रस्ताव आला होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आंबलेल्या अन्नाचं पाणी आम्लधर्मी असतं, ते फरशीला खातं आणि वरून चाक तिचे तुकडे करतं.

राहिलं काँक्रीट. जाळी न घालता ओतलेला चार इंचाचा कोबा फक्त हाताने ढकलायच्या छोट्या डब्यांसाठी ठीक. ट्रक येणार असेल तर सहा इंच जाडी, सळईची जाळी आणि खाली नीट ठोकलेलं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर. काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी माती कुठलाच स्लॅब धड ठेवत नाही.

कोटेशन चौरस फुटाने येतं आणि तिथेच मेख असते. सहाऐवजी पाच इंच ओतलं तर माल वाचतो सुमारे 17 टक्के. पण वाकण्याला टिकायची ताकद जाडीच्या वर्गाने (जाडी गुणिले जाडी) बदलते, म्हणजे ती जाते 30 टक्के. ओतायच्या आधी साइडच्या फळ्यांची उंची टेपने स्वतः मोजा. आणि जाळी कव्हर ब्लॉकवर (खाली ठेवायच्या छोट्या ठोकळ्यांवर) उचललेली आहे ना, ते बघा. जमिनीला चिकटलेली जाळी घातली काय, न घातली काय.

हिशोब सोपा आहे. 10 बाय 20 फूट, सहा इंच जाड म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास. समोर गाडीसाठी तेवढाच तुकडा धरला की दोन ब्रास, म्हणजे 5.66 घनमीटर. तयार काँक्रीट आणणाऱ्या सहा घनमीटरच्या एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये हे दोन्ही बसतं. फक्त खालचा तळ आधी सपाट करून घ्या, नाहीतर खड्डेच माल पितात. अर्ध्या मिक्सरसाठी आरएमसीवाले (तयार काँक्रीट विकणारे) तसाही जादा आकार लावतात, त्यामुळे गाडीखालचा तुकडा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं महागात पडतं. ग्रेड एम-30 मागा. हाताने कालवून, अंदाजाने पाणी टाकून हा ग्रेड मिळत नाही. मिक्सर आल्यावर ‘जरा पातळ करा’ म्हणणाऱ्या मुकादमालाही तिथेच थांबवा.

वरचा पृष्ठभाग घोटून आरशासारखा करू नका, सांडलेल्या तेलावर पोरं घसरतात. खराट्याच्या रेघा पुरतात. दोन तुकड्यांच्या मध्ये जॉइंट आणि 20 फुटाच्या लांबीतही मध्यावर एक जॉइंट द्या. उतार दर 50 फुटाला एक फूट असा, वर जाळीचं झाकण असलेल्या चेंबरकडे. ते चेंबर मैलापाण्याच्या लाइनला जोडायचं. पावसाळी गटाराला जोडलं तर ते पाणी सरळ नाल्यात जातं. कंटेनरच्या मागे सहा इंचाचा कठडा घालायला विसरू नका, नाहीतर कंपाउंडची भिंतच बंपर होते.

काँक्रीटची खरी अडचण पैशांपेक्षा दिवसांची आहे. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि फ्लाय अ‍ॅशवाल्या पीपीसीला दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात. मी तरी कॉम्पॅक्टर दोन आठवड्यांच्या आत वर चढू देणार नाही. तोवर कंटेनर कुठे ठेवायचे, हे हॉटेलवाल्यांशी आधी बोलून ठरवा. आमच्याकडे हे न ठरवल्याने पाचव्याच दिवशी एकाने रात्री भरलेला कंटेनर ओल्या गोणपाटावर आणून उभा केला. त्या चार चाकांचे वळ अजून दिसतात.

जागा भाड्याची असेल आणि करार दोनेक वर्षांचा उरला असेल, तर मात्र 80 मिमीचे पेव्हर घाला आणि दर सहा महिन्यांनी उचलून बसवून घ्या. मालकाच्या जमिनीत दोन ब्रास काँक्रीट कशाला पुरायचं?