नौपाड्यातला ग्राफिक्सचा रविवारचा वर्ग

मी अकरा वर्षं ऑटोकॅडवर इमारतींचे नकाशे काढतेय, पण पडद्यावर तिरकी रेघ उमटते कशी, हे मला नौपाड्यातल्या या वर्गात पहिल्यांदा कळलं. पहिले दोन रविवार सरांनी कॉम्प्युटर सुरूच करू दिला नाही. हातात फक्त ग्राफपेपर आणि पेन्सिल. (०,०) पासून (८,३) पर्यंत रेघ काढायची, पण एकही चौकोन (म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका) अर्धवट भरायचा नाही. संगणकतज्ज्ञ जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीत असताना बसवलेली ही रीत: प्रत्येक पावलाला फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, आणि येणारा आकडा उणे की अधिक त्यावरून ठरतं, सरळ पुढे जायचं की एक घर वर चढायचं. आमच्या रेघेचा हा आकडा उणे दोनपासून सुरू झाला (तीनची दुप्पट वजा आठ), नऊ चौकोन भरले आणि रेघ बरोबर टोकाला पोचली. मला खरंच भरून आलं.

मॅट्रिक्स, म्हणजे आकृती फिरवायला-सरकवायला वापरायचे आकड्यांचे तक्ते, तेही असेच हाताने: पुठ्ठ्याचा त्रिकोण आधी फिरवून मग सरकवा, नंतर उलट क्रमाने करा, तो वेगळ्याच जागी जातो. प्रकाश-छायेचा भाग मात्र एका तासात उरकला, तो पुन्हा घ्यायला हवा. खोली लहान, पंखा एकच. गणित विसरलेल्यांनीही जावं, सर दहावीच्या भूमितीपासून सुरू करतात. फक्त घरचा अभ्यास चुकवू नका, पुढच्या रविवारी काहीच उमगत नाही.