नाकाच्या पडद्याला भोक: मुलाचं ऑपरेशन आत्ता की नंतर?

नाकात अडकलेला बटण सेल काढून झाला आणि काही आठवड्यांनी पडद्यात भोक दिसलं, असं लहान मुलांत अनेकदा घडतं. ओल्या नाकात सेलमधून वीज वाहते, अल्कली तयार होते आणि काही तासांतच कूर्चा जळते. कारण इतकं उघड नसेल, तर आधी रक्ततपासण्या आणि गरज पडल्यास भोकाच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासून घ्या. आतला आजार धुमसत असताना शिवलेलं टिकत नाही.

भोक मागच्या बाजूला असेल आणि पोराला काही त्रास नसेल, तर सलाइनचे फवारे, मलम आणि नाकात बोट न घालणं एवढ्यावर भागतं. पुढचं भोक जास्त छळतं: खपल्या धरतात, घोळणा फुटतो, श्वासाला शिट्टी वाजते. शिट्टी थांबली म्हणून लगेच पेढे वाटू नका. लहान भोकच वाजतं, मोठं झालं की गप्प बसतं.

ऑपरेशनऐवजी भोक बुजवायला बसवतात ते सिलिकॉनचं बटण कागदावर सोपं वाटतं. पण मुलाच्या नाकात ते बसवायला बहुधा भूल द्यावीच लागते, त्याच्याभोवती खपल्या धरतात, निसटतंही. मोठी माणसं ते चालवून घेतात. मुलांसाठी मी त्याला तात्पुरता आधार म्हणेन.

ऑपरेशनमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंचं अस्तर सरकवून भोकावर आणतात आणि मध्ये बहुतेकदा कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण ठेवतात. रुंदीपेक्षा भोकाची उंची अडचणीची, कारण अस्तर वरून-खालून ओढून आणायचं असतं आणि छोट्या नाकात ते मुळात थोडंच. पडद्याच्या कूर्चेवर नाकाची वाढ अवलंबून असते, म्हणून पूर्वी सोळा-अठरा वर्षांपर्यंत थांबायला सांगत. आता मुलांमध्येही यशस्वी दुरुस्त्या नोंदल्या गेल्या आहेत, पण रुग्ण मोजकेच.

माझा कल असा: भाजलेल्या कडा निवायला काही महिने द्यावेत. त्यानंतरही घोळणा वारंवार फुटत असेल, भोक वाढत असेल किंवा नाकाचा दांडा खचू लागला असेल, तर अठराव्या वर्षाची वाट पाहू नये. पहिल्या प्रयत्नात अस्तर मऊ असतं. फसलेल्या ऑपरेशननंतर व्रणाचं अस्तर सरकत नाही. म्हणून सर्जनला सरळ विचारा: मुलांची अशी किती केलीत, आणि भोकाची उंची किती आहे?