एक लेन्स, एक वर्ष: कॅननची ५० मिमी एफ/१.८

ही लेन्स किती शार्प आहे, मागचा धूसरपणा किती मऊ येतो, यावर चार्ट लावून लिहिणारे भरपूर आहेत. मला दुसरंच बघायचं होतं. येत्या वर्षाचे फोटोग्राफीचे सगळे संकल्प या एका लेन्सवर सोपवता येतील का? लेन्स म्हणजे कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, २०१५ साली आलेली. ५० मिमी ठरलेलं, म्हणजे झूम नाही; आणि एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत घेणारं भोक मोठं. माझी सेकंडहँड आहे आणि क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असलेल्या) साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर बसते. मी खानदेशात, अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे फोटोसाठी मिळतात ते रविवार आणि सणावाराच्या सुट्ट्या.

डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर संकल्पांचा पूर येतो. रोज एक फोटो, सातपुड्यातले पक्षी, तोरणमाळला जाऊन आकाशगंगा. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर निम्मे विरघळतात. काय काय काढायचं ते सगळे लिहितात, काय सोडायचं ते कुणी लिहीत नाही. झूम नसलेली लेन्स ते सोडायचं काम आपल्या वतीने करून टाकते, आणि माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

क्रॉप सेन्सरवर ही लेन्स ८० मिमीसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये आणखी कमी मावतं. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं, तर कॅमेरा उभा धरूनही साधारण १४ फूट मागे जावं लागतं. आमच्या स्वयंपाकघरात तेवढी जागा कुठून आणू? पाठ कोठीला टेकते तरी सासूबाईंचे पाय फ्रेमबाहेरच राहतात. म्हणजे खोलीचा फोटो बाद, गल्लीतली मिरवणूक बाद, तोरणमाळचा यशवंत तलाव काठासकट एका फ्रेममध्ये तर नकोच. उरले चेहरे, हात आणि हातातलं काम. माझा पहिला संकल्प असा आपोआप ठरला: माणसं, तीही कमरेच्या वर.

त्याची परीक्षा मांड्यांवर झाली. आमच्याकडे पुरणाचे मांडे खापरावर होतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. पोळपाट-लाटण्याचं काम नाही. सासूबाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत राहतात, मांडा वाढत वाढत कोपरापर्यंत येतो आणि मग अलगद खापरावर पडतो. उजेड फक्त दारातून. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम, ५५ मिमीला एफ/५.६ वर अडकते, एफ/१.८ ला त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० लावून रवाळ फोटो मिळायचा, तिथे ६४० वर भागतं. पण उघडं भोक फुकट मिळत नाही. दीड मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर जागा फोकसमध्ये असते. डोळा धरला तर मांडा जातो, मांडा धरला तर डोळा. एफ/४ ला ती जागा १३-१४ सेंटिमीटर होते, तेव्हा बोटं आणि त्यावरचा मांडा दोन्ही सापडतात. हात थिजवायला शटर १/५०० सेकंदाचं हवं, त्यामुळे आयएसओ पुन्हा चढवावा लागतो. एवढ्या हिशेबात एक मांडा करपलेला असतो. ‘मना फोटो काय काढस व, मी काय हिरोईन शे का?’ असं म्हणत सासूबाईंनी पदर मात्र नीट केला.

जवळून काढायलाही लेन्स बरी आहे, पण बेतानेच. ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. तेवढ्यावरून फ्रेममध्ये साधारण साडेदहा बाय सात सेंटिमीटरची जागा येते. भरताच्या हिरव्या वांग्यावरचे पांढरट पट्टे आणि देठाचे काटे झकास येतात. त्या काट्यावरची मुंगी हवी असेल तर वेगळी लेन्स बघा.

मग कॅलेंडर भिंतीवरून उतरवून तारखांवर खुणा केल्या. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके आणि मांडे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई बसते, रात्रभर जागरण चालतं, सोमवारी विसर्जन होतं. त्या रात्री सजवलेल्या नारळासमोर, दिव्याच्या उजेडात गाणाऱ्या बायांचे चेहरे हवेत, आणि फ्लॅश अजिबात उडवायचा नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणाऱ्या बोटांचे फोटो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. तिथे घोडा पूर्ण मावणार नाही, म्हणून आयाळ विंचरणारा माणूस. संकल्पापुढे तारीख असली की तो टाळायला जरा लाज वाटते.

चैत्र-वैशाखात मात्र या लेन्सची पंचाईत होते. आपल्याकडच्या दुपारी एफ/१.८ वापरायचं तर आयएसओ १०० लासुद्धा शटर १/८००० च्या आसपास लागतं, आणि साध्या बॉड्या १/४००० वर थांबतात. फोटो पांढराफटक. एफ/२.८ करा, नाहीतर लेन्सच्या तोंडावर बसणारा ४९ मिमीचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्या. मी तिसरा मार्ग धरला: एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर उन्हातले फोटो बंद. हाही संकल्पच, आणि पाळायला सगळ्यात सोपा. बाकी, बाहेरचं अंग प्लास्टिकचं आहे, धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, हात हलला तर सावरणारी यंत्रणा नाही, हूड (कडेचा उजेड अडवणारं झाकण) वेगळं विकत घ्यावं लागतं. यात्रेच्या धुळीत लेन्स बदलायची नाही. दुसरी सोबत नसली की तो मोहही होत नाही.

‘एकाच लेन्सने वर्षभर कंटाळा येणार नाही का?’ असं ग्रुपवर एकाने विचारलं. त्याला चाळीसगावला जाऊन यायला सांगितलं. छायाचित्रकार केकी मूस यांनी तिथे रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात अनेक दशकं काढली, बाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर मांडामांड करून काढलेल्या टेबलटॉप फोटोंनी जगभर नाव केलं. १९८९ मध्ये ते गेले. घराचं आता कलादालन झालं आहे. लांब जायला मिळत नाही म्हणून फोटो होत नाहीत, ही तक्रार खानदेशातल्या माणसाने तरी करू नये.

शेवटचा संकल्प लेन्सचा नाही, पण तिच्यामुळेच सुचला. महिन्याला एक फोटो १२ बाय १८ इंचांत छापायचा. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून आरामात निघतात. मोबाइलवर सगळंच छान दिसतं; एवढ्या कागदावर फोकस डोळ्याऐवजी कानाच्या पाळीवर बसलाय हे लगेच कळतं. कागद मॅट घ्या, नाहीतर ट्यूबलाइटच्या चमकेत अर्धा चेहरा जातो.

घ्यावी का? किट लेन्सवर वर्ष-दोन वर्षं काढली असतील आणि घरातली माणसं, सण, कामं यांचे फोटो काढायचे असतील, तर डोळे मिटून घ्या. कॅननच्या मिररलेसवाल्यांना (आत आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांना) ही अडॅप्टर लावून चालते, किंवा त्या कॅमेऱ्यांना थेट बसणारी, २०२० साली आलेली आरएफ माउंटची बहीण बघा. लहान घरात आणि पंगतीत फोटो काढायचे असतील तर २४ मिमीची घ्या, ही नको. मला सारखी मागे सरकताना बघून यजमानही परवा म्हणाले, ‘एक रुंद लेन्स घेऊन टाक.’ त्यांना सांगितलंय, सारंगखेड्याची यात्रा होईपर्यंत तो विषय बंद.